मालमोटारीचा श्वास



इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळी यांचीच आठवण व्हावी, असे आपल्या मनाला वळण पडून गेले आहे. मी स्वतः आयुष्यभर शाळेत तोच इतिहास शिकविला, आणि त्याबद्दल मला खेद वाटत नाही. तथापि माझ्या घरच्या एका लाकडी पेटीत दोन वस्तू मी जपून ठेवल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे तेलाचे डाग पडलेली हिशेबाची वही, आणि दुसरी म्हणजे करंगळीच्या नखाएवढा, मधोमध बारीक छिद्र असलेला पितळेचा एक तुकडा. या तुकड्याला मोटारीचे मिस्त्री लोक ‘जेट’ म्हणतात. त्या छिद्रातून एके काळी माझ्या मामांच्या मालमोटारीचे पेट्रोल जात असे. कोणत्याही क्रमिक पुस्तकात स्थान न मिळालेला आपल्या भंडारा जिल्ह्याचा थोडासा इतिहासही त्याच छिद्रातून गेला आहे, आणि तो आज आपल्यापुढे ठेवावा असा माझा विचार आहे.

हा जेट ज्या यंत्राचा भाग, त्याचे नाव कार्ब्युरेटर. आज आपल्या दाराशी जी मोटार उभी असते तिच्यात तो नाही. पेट्रोल मोजून फवारण्याचे त्याचे काम आता विजेच्या आज्ञेने चालणारी पिचकारी करते. मोटारींतून तो सन २००० च्या आगेमागे गेला, आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही त्याने निरोप घेतला. जी वस्तू नाहीशी होते ती इतिहासाच्या स्वाधीन होते, या न्यायाने तिच्याविषयी बोलण्याचा मला थोडासा अधिकार पोचतो असे मी समजतो.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. पेट्रोल नुसते पेटवून इंजिन चालत नाही. ते हवेत योग्य प्रमाणात मिसळावे लागते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा लागते. मापाने पाहिले तर ही गोष्ट अधिक नवलाची वाटते. एक लिटर पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशा खोलीत जितकी हवा मावेल तितकी एका लिटराला हवी. मालमोटार पेट्रोल पिते असे आपण म्हणतो, पण वस्तुतः ती मुख्यतः हवाच पिते. कार्ब्युरेटर हा तिचा श्वास होय.

हा श्वास घडतो तो एका जुन्या नियमावर. नदीचे पात्र जेथे अरुंद होते तेथे पाण्याचा वेग वाढतो, हे वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांस सांगावयास नको. जेथे वेग वाढतो तेथे दाब कमी होतो, हे बेर्नूली या शास्त्रज्ञाने १७३८ साली ग्रंथात मांडले, आणि मध्ये चिंचोळ्या केलेल्या नळीचे प्रयोग व्हेंचुरी या इटालियन पंडिताने १७९७ साली प्रसिद्ध केले. कार्ब्युरेटरची नळी मध्ये अशीच चिंचोळी असते. इंजिन हवा ओढू लागले की त्या गळ्यात दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर येऊन तुषाररूपाने हवेत मिसळते. वाटीतले पेट्रोल एकाच पातळीवर राहावे म्हणून तीत पाण्याच्या टाकीतल्यासारखा तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट, बसविलेला असतो. असा तुषार पाडणारा कार्ब्युरेटर जर्मनीत माईबाख याने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने १८९३ च्या सुमारास सिद्ध केला. तत्पूर्वी पेट्रोलच्या पृष्ठावरून नुसती हवा फिरवून वाफ घेण्याची रीत होती.

एकाच जेटात एक खोड मात्र होती. इंजिनाचा वेग वाढला म्हणजे हवा वाढे, पण पेट्रोल तिच्याहूनही अधिक वाढे, आणि मिश्रण नको इतके दाट होई. फ्रान्समधील लियाँ शहराच्या बाव्हरे नामक तंत्रज्ञाने १९०६ साली दुसरा जेट जोडून हा तोल साधला, आणि त्यातून झेनिथ हे नाव जगभर गेले. पुढे पॅरिसचे सोलेक्स आणि अमेरिकेचे कार्टर ही नावे त्याच पंक्तीला बसली. आमच्याकडच्या मिस्त्र्यांच्या तोंडी ही परदेशी नावे घरच्या माणसांच्या नावांइतकी सहज बसलेली मी ऐकली आहेत.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. भंडारा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या इलाख्यात होता. गोंदिया तालुकाही आपल्यातच होता. तो जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. नागपूरहून रायपुराकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड भंडारा आणि साकोलीवरून जातो. आगगाडी मात्र भंडारा शहरास टाळून वरठीवरून गेलेली. तुमसरहून तिरोडीकडे जाणारा फाटा मँगनीजच्या खाणींच्या मुलखात शिरलेला, पण गावोगावचे धान, जंगलातली तेंदूपाने, कवेलू आणि लाकूड स्टेशनापर्यंत आणावयाचे ते बैलगाडीनेच. हे अंतर तोडले ते मालमोटारीने. जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे १९२८ साली मोटारी जोडण्याचा कारखाना घातला. फोर्डनेही त्याच सुमारास आपले बस्तान बसविले. १९२९ साली शेवरलेचे सहा सिलिंडरांचे इंजिन बाजारात आले, आणि पुढील पंचवीस वर्षे त्या जातीच्या गाड्यांनी हिंदुस्थानचे रस्ते तुडविले. सुटे भाग पेट्यांतून जहाजाने यावयाचे आणि जोडणी येथे व्हावयाची. कार्ब्युरेटरही इंजिनाबरोबर यावयाचा आणि बिघडला तर तसाच दुसरा मिळावयाचा. तो निवडण्याचा प्रश्नच तेव्हा कोणापुढे नव्हता.

तो प्रश्न प्रथम उभा केला तो दुसऱ्या महायुद्धाने. १९४१ साली पेट्रोलवर नियंत्रण आले. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तेथील तेल तुटले. देशात डिगबोईसारख्या थोड्याच ठिकाणच्या विहिरी काय त्या उरल्या. लष्कराची भूक भागवून सामान्य वाहतुकीला उरणार ते किती? तेव्हा मोटारींच्या पाठीवर लोखंडी भट्ट्या चढल्या. भट्टीत लाकडी कोळसा कोंडून जाळावयाचा, हवा मुद्दाम अपुरी द्यावयाची, आणि निघालेला वायू गाळून, थंड करून इंजिनास पाजावयाचा. या व्यवस्थेत कार्ब्युरेटर बाजूला सारून त्याच्या जागी वायू आणि हवा यांचे मिश्रण करणारी झडप बसवावी लागे. पेट्रोल फक्त गाडी सुरू करण्यापुरते. या वायूने इंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक घटे. चढावर उतारूंनी उतरून धक्का द्यावा, ही गोष्ट त्या पिढीच्या सर्वांनी अनुभवलेली. वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड असल्याने बंद जागेत भट्टी पेटविणे जिवावर बेतणारे होते. तरीही या संकटाने मिस्त्र्यांना एक धडा दिला, आणि तो पुढे त्यांच्या कामी आला. तो असा की, इंजिन आणि त्याचा श्वास या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ हाताने घालता येतो.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिलकी गाड्या लिलावात निघाल्या. त्यांत फोर्ड, शेवरले, डॉज आणि जीप असा सर्व प्रकारचा माल होता. स्वातंत्र्य आले. १९५३ साली सरकारने असे धोरण ठरविले की, ज्यांना या देशात खरोखर मोटारी बनवावयाच्या असतील त्यांनीच राहावे आणि नुसती जोडणी करणाऱ्यांनी आपला गाशा गुंडाळावा. त्याप्रमाणे पुढल्या वर्षभरात जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील जोडणी बंद केली. राष्ट्राच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता असेच मी म्हणेन. परंतु रस्त्यावरच्या हजारो गाड्या त्या दिवसापासून पोरक्या झाल्या. इंजिन अभंग, पण त्याचा मूळचा कार्ब्युरेटर झिजलेला. आयातीवर निर्बंध असल्यामुळे तसाच दुसरा मिळणे दुरापास्त. तेव्हा दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या इंजिनासाठी घडविलेला कार्ब्युरेटर आणावयाचा आणि तो या इंजिनाशी जुळवावयाचा, याखेरीज मार्ग राहिला नाही. तालुक्याच्या गावी रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली पाने-पेचकस घेऊन बसणाऱ्या मिस्त्र्याने हे काम पत्करले. त्याने ते कसे केले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझ्या मामांची मालमोटार शेवरलेची होती, १९५० च्या सुमाराची, साडेतीन लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाची. साकोली आणि लाखांदूरकडचे धान ते भंडारा व तुमसरच्या बाजारी आणीत. मी शाळेत जाणारा, अक्षर बरे, म्हणून पेट्रोलचा आणि किलोमीटरांचा हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. पेटीतली वही ती हीच. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि तीन महिन्यांत जगाच्या बाजारात कच्चे तेल जवळजवळ चौपट महागले. मामांच्या गाडीचा मूळ कार्टर कार्ब्युरेटर तोवर पुरता थकला होता. झडपेचा दांडा आपल्या भोकात खुळखुळे आणि तेथून नको ती हवा आत शिरे. वहीत लिटरला साडेतीन किलोमीटर असा आकडा पडू लागला. गाडीवर कर्ज होते, आणि धानाचे व्यापारी दर हंगामाला डिझेल गाड्यांकडे वळत होते.

मामा मोठ्या शहरी गेले आणि एका दुकानदाराच्या सांगण्यावरून दुहेरी नळीचा एक मोठा कार्ब्युरेटर घेऊन आले. तो एखाद्या प्रशस्त विलायती मोटारीवरचा असावा. ‘जितका मोठा, तितकी ताकद अधिक,’ असे त्यांना सांगण्यात आले होते. जाड पत्र्याच्या आधाराने तो बसविला. रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर बरी धावली. पण धानाची पोती भरून निघाले की पायपट्टी दाबताच इंजिन खोकावे, अडखळावे, आणि मग एकदम उसळावे. पौष महिन्यातल्या एका संध्याकाळी कारध्याच्या पुलाजवळ ते जे बंद पडले, ते पुन्हा सुरू होईना. पेट्रोलचा भपकारा सुटला होता. मागे बैलगाड्यांची रांग लागली. व्यापाऱ्याच्या माणसाने तेथल्या तेथे सांगितले की, उद्यापासून माल दुसऱ्या गाडीत जाईल. मामा एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या महिन्याचा माझ्या वहीतला आकडा होता लिटरला पावणेतीन किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. वयाने साठीचे, शाळेचे तोंड न पाहिलेले, युद्धकाळात कोळशाच्या भट्ट्या सांभाळलेले. त्यांनी तो मोठा कार्ब्युरेटर हातात घेऊन पाहिला आणि मामांना म्हणाले, “भाऊ, तोंड मोठं केल्यानं पोट मोठं होत नाही जी. इंजिनाले लागते तेवढीच हवा ते घेते. पहिले पोट मोजा, मंग तोंड पहा.”

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. श्रोत्यांपैकी कोणास गणिताची आवड असेल त्यांनी पाहावे. चार टप्प्यांचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदाच आपले पोट भरते. साडेतीन लिटरचे पोट मिनिटास तीन हजार फेऱ्यांत दीड हजार वेळा भरेल. म्हणजे झाली सव्वापाच हजार लिटर हवा. पण पोट कधीच पुरते भरत नाही, शेकडा ऐंशीच्या आसपास भरते. तेव्हा उरली मिनिटास बेचाळीसशे लिटर, अर्थात सुमारे दीडशे घनफूट. इतक्या हवेला जो गळा पुरेसा, तोच या इंजिनाला योग्य. गळा याहून फार रुंद झाला तर त्यातून हवा संथ जाते, दाब पुरेसा उतरत नाही, पेट्रोलचा तुषार न होता थेंब होतात, आणि ते थेंब नळीच्या भिंतीवरून ओघळत सिलिंडरात जाऊन तेथील वंगण धुऊन टाकतात. पैसे जातात ते जातातच, वर इंजिनही झिजते. उलट गळा फार अरुंद झाला तर संथ चालीत गाडी गोड चालेल, पण चढावर तिचा दम कोंडेल. निवड करावयाची ती या दोहोंमधली.

मिस्त्र्यांनी भंगारातून एक एकनळी सोलेक्स शोधून काढला. त्याचा गळा जुन्या कार्टरच्या गळ्याशी त्यांनी कंपासने ताडून पाहिला. इंजिनाच्या नळीवरील बोल्टांचे अंतर त्याच्याशी जुळत नव्हते, म्हणून लोखंडाची एक जाड चकती कातून तिला दोन्हीकडची भोके पाडली. चकतीचे मधले भोक त्यांनी कानशीने असे घासले की, हवेच्या वाटेत कोठेही पायरी राहू नये. दोन्ही बाजूंना नवे पॅकिंग कापून घातले. पायपट्टीची कांडी पुरती उघडते आणि पाय काढताच पुरती मिटते की नाही, हे त्यांनी इंजिन सुरू करण्यापूर्वी दहा वेळा पाहिले. “न थांबणारी गाडी न चालणाऱ्या गाडीपेक्षा वाईट,” असे ते म्हणत, आणि परत ओढणारी स्प्रिंग एकाऐवजी दोन लावीत.

पुढचा भाग जुळणीचा. त्याचा क्रम मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे, आणि आजही कोणी हौशी गृहस्थ जुनी मालमोटार जिवंत करू पाहत असेल तर त्याला तो उपयोगी पडेल. पहिला नियम असा की, कार्ब्युरेटरला हात सर्वांत शेवटी लावावयाचा. आधी टॅपेटांतील फट, मग ठिणगी पाडणारे पॉइंट, मग ठिणगीची वेळ, आणि प्लग स्वच्छ. हे सारे ठीक नसता कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरविणे म्हणजे पोटदुखीवर डोक्याला लेप लावण्यासारखे होय. दुसरा नियम असा की, कोठे चोरटी हवा शिरत नाही ना, ते पाहावयाचे. इंजिन संथ चालू ठेवून सांध्यांवर तेलाचे थेंब सोडले आणि त्याची चाल बदलली, की तेथे गळती आहे असे समजावे. तिसरा नियम वाटीतल्या पातळीचा. फ्लोट किंचित वर राहिला तरी पेट्रोल वाहते, आणि किंचित खाली राहिला तर चढावर इंजिन उपाशी मरते.

हे झाल्यावर इंजिन पुरते तापू द्यावयाचे. मग संथ चालीच्या मिश्रणाचा स्क्रू हलकेच शेवटपर्यंत मिटवून दीड फेरा उघडावयाचा, आणि तेथून पाव पाव फेऱ्याने इकडे तिकडे करीत जेथे चाल सर्वांत वेगवान आणि एकसारखी होईल तेथे थांबावयाचे. हा स्क्रू जोराने आवळला तर सुईचे टोक कायमचे बिघडते, म्हणून मिस्त्री तो दोन बोटांनीच फिरवीत. शेवटी मोठ्या जेटाची निवड. ती दुकानात बसून होत नाही, ती रस्त्यावर होते. भरलेली गाडी दहा-पंधरा किलोमीटर न्यावयाची, वेगात असतानाच इंजिन बंद करून थांबवावयाची, आणि प्लग काढून पाहावयाचे. प्लगचे टोक काजळासारखे काळे असेल तर पेट्रोल अधिक. पांढरे फटक असेल तर पेट्रोल अपुरे, आणि अशा स्थितीत झडपा जळण्याची भीती. भाजलेल्या विटेसारखा तपकिरी रंग दिसला की मिश्रण जुळले. आमच्या गाडीला चौथ्या खेपेस तो रंग आला. एका खेपेला एक जेट, आणि प्रत्येक जेटाचा आकडा मी वहीत लिहीत होतो.

आपल्या हवामानाचाही यात भाग असे. थंडीच्या पहाटे पारा पंधरा अंशांवर आणि मे महिन्याच्या दुपारी पंचेचाळिसावर. एवढ्या फरकाने हवा शेकडा नऊच्या आसपास विरळ होते, म्हणून थंडीत जुळविलेले मिश्रण उन्हाळ्यात किंचित दाट पडे आणि स्क्रू थोडा मिटवावा लागे. त्याहून मोठा त्रास म्हणजे तेंदूपानांच्या हंगामात, ऐन वैशाखात, पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होई आणि गाडी रानात उभी राही. तेव्हा पेट्रोलच्या पंपावर ओले गोणपाट गुंडाळीत, आणि क्लीनर पोऱ्या त्यावर वाटेतल्या विहिरीचे पाणी शिंपीत बसे. उपाय ओबडधोबड खरा, पण पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा येतो हे तत्त्व माठाइतकेच जुने आणि खरे आहे.

या सर्व खटाटोपाचे फळ काय? वहीतला पुढील आकडा सांगतो, लिटरला सव्वाचार किलोमीटर. ज्या दिवशी मी तो मामांना वाचून दाखविला, त्या दिवशी त्यांनी तो दोनदा वाचावयास लावला. व्यापाऱ्याने माल परत दिला. त्या हंगामाचे कर्जाचे हप्ते वेळेवर गेले.

येथेच ही कथा संपली असती तर ती बोधकथा झाली असती. पण इतिहास बोधकथेसारखा सोयीचा नसतो. त्याच वहीत शेजारच्या डिझेल गाडीचाही आकडा मी कुतूहलाने लिहून ठेवला होता. ती लिटरला पाच किलोमीटरांच्या वर जाई, आणि डिझेल तर पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त. टाटांनी मर्सिडीज-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूर येथे १९५४ साली डिझेल मालमोटारी बनविण्यास आरंभ केला होता. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत पर्किन्स जातीची डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती, आणि जुन्या पेट्रोल गाड्यांत ती बसविण्याची लाट देशभर पसरली होती. डिझेल इंजिनात नुसती हवा इतकी दाबतात की ती अतिशय तापावी, आणि मग तीत तेल फवारतात. तेथे कार्ब्युरेटर नाही आणि ठिणगीही नाही. उत्तम जुळणीने आम्ही जे वाचविले होते, ते डिझेलच्या हिशेबापुढे फारच थोडे होते. १९७६ साली, मी मॅट्रिक झालो त्याच उन्हाळ्यात, मामांनी गाडीत जुने डिझेल इंजिन बसवून घेतले. तो निर्णय माझ्याच आकड्यांवरून झाला.

ज्यांनी इतक्या कौशल्याने सोलेक्स बसविला होता, त्याच मिस्त्र्यांनी तो उतरविला. त्यांनी त्यातला मोठा जेट काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “ठेव बाबू. आकडे तू लिहिलेस. माझं तं काही लिहिलेलं नाही.” तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढे काही वर्षांनी ते वारले. इंजिनाच्या आवाजावरून कोणत्या सिलिंडरात मिश्रण विरळ आहे हे सांगणारा तो कान, आणि तो कान घडविणारी चाळीस वर्षे, ही त्यांच्याबरोबर गेली. पुढे १९८२ साली आपल्या जिल्ह्यात गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना उभा राहिला, ती डिझेल मालमोटारींची पिढी होती. त्यात त्यांच्या विद्येला जागा नव्हती.

श्रोतेहो, या साऱ्यातून मी काय घेतले ते सांगून रजा घेतो. मूळ वस्तू मिळेनाशी झाली म्हणजे माणसाला पर्याय निवडावा लागतो, आणि हा प्रसंग मालमोटारीवरच येतो असे नाही. तो राष्ट्रावर येतो, घरावर येतो, शाळेवरही येतो. अशा वेळी मोठे ते चांगले, विलायती ते चांगले, असे सांगणारे दुकानदार जागोजागी भेटतात. पोट मोजून तोंड ठरविणारे मिस्त्री थोडे. आपल्या पोरक्या झालेल्या गाड्या वीस-पंचवीस वर्षे चालत्या ठेवल्या त्या या थोड्या लोकांनी. त्यांनी नवीन काही शोधले नाही हे खरे, पण दुसऱ्याच्या वस्तूचा आपल्या गरजेशी मेळ कसा घालावा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काळात या देशाला त्या ज्ञानाची फार गरज होती.

आणि दुसरी गोष्ट एका मास्तराची विनंती म्हणून ऐकावी. आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात असा एखादा वृद्ध कारागीर असेल, मग तो मोटारीचा मिस्त्री असो, तांबट असो किंवा कोष्टी असो, तर त्याच्याजवळ एक संध्याकाळ वही घेऊन बसावे आणि तो काय, कसे आणि कोणत्या क्रमाने करीत असे, ते लिहून घ्यावे. मी आकडे लिहिले आणि माणूस लिहावयाचा राहून गेला, ही माझी चूक. ती आज थोडीशी दुरुस्त करण्याची संधी मिळाली.